ॲव्हिस गार्बटचा डॉग

हे मी लिहिणारच नव्हते. तीनदा लिहिलं आणि तीनदा पुसलं. इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी काहीतरी दे म्हणून सुलभामावशी जानेवारीपासून मागे लागल्या होत्या, त्यांना मी बर्फावरची एक कविता देणार होते, ती तयारसुद्धा आहे. पण काल दुपारी मी परत ॲव्हिसच्या मागच्या दाराशी वीस मिनिटं उभी राहिले. आत रेडिओ चालू होता, म्हणजे ती घरात होती, आणि तिने दार उघडलं नाही. घरी आले आणि कोट न काढताच लिहायला बसले. चुका असतील, असू देत, परत वाचलं तर परत पुसेन.

ॲव्हिस गार्बट, वय एक्याऐंशी. स्टेशनच्या मागे उतारावर विटांच्या घरांची रांग आहे ना, तिथलं शेवटून दुसरं घर. एकतीस वर्षं ती शाळेच्या स्वयंपाकघरात होती. चारशे पोरांचं जेवण. आमच्या गावात चाळिशीच्या वरचा कुठलाही माणूस तिच्या कस्टर्डबद्दल बोलतो, आणि आमचा प्लंबर तर अजून तिच्यासमोर ताठ उभा राहतो. मी तिला नुसतं ॲव्हिस म्हणते, ती म्हणते तसंच म्हण. आईला ते आवडत नाही. अगं ऐंशीची बाई आहे, नावाने काय हाका मारतेस, निदान मागे काहीतरी लाव. मी म्हटलं, काय लावू, इकडे इंग्लंडात काही लावतच नाहीत.

ऑक्टोबरमध्ये कॉलेजात कागद लावला होता, की ज्यांना दिसत नाही त्यांना आठवड्यातून एकदा वाचून दाखवायला मुलं हवीत, वर्षाच्या शेवटी सर्टिफिकेट मिळेल. मी सर्टिफिकेटसाठी गेले. उगाच दुसरं काही सांगत नाही.

ॲव्हिसच्या डोळ्यांचा मधला भाग गेलाय. कडेकडेचं दिसतं. बशीचा काठ दिसतो आणि मधली बिस्किटं दिसत नाहीत, असं ती सांगते. तुमच्याकडे बघायचं असलं की ती तुमच्या कानाच्या बाजूला बघते. पहिल्या दिवशी मला वाटलं माझ्यामागे कोणीतरी उभं आहे.

नाव विचारलं. मी सवयीने सॅली म्हटलं, इथे सगळे तेच म्हणतात. ती म्हणाली, ते नको, आईवडिलांनी ठेवलेलं सांग. मग तीनदा माझ्याकडून शाल्मली म्हणवून घेतलं आणि चौथ्यांदा स्वतः बरोबर म्हणाली. अर्थ विचारला. मी म्हटलं सावरीचं झाड. तो शब्द कुठून आला? मी म्हटलं, माहीत नाही.

"माहीत नाही? वीस वर्षं हा कोट घालून फिरतेस आणि कधी खिसे तपासले नाहीस, पोरी?"

मला राग आलेला. आणि पुढच्या बुधवारी मी संस्कृत कोशात बघून गेले होते.

आता तिचं काम सांगते. इंग्रजीचा एक मोठा कोश आहे, त्यात प्रत्येक शब्द कधीपासून आहे, कुठल्या भाषेतून आला, त्याआधी कुठे होता, असं मागे मागे जात दिलेलं असतं. त्यासाठी देशभरातली साधी माणसं घरी बसून जुनी पुस्तकं वाचतात आणि शब्द सापडला की कार्डावर लिहून पाठवतात. वर शब्द, खाली वर्ष, पुस्तक, पान, पूर्ण वाक्य. १९७३ मध्ये गावच्या लायब्ररीत अशी माणसं हवीत म्हणून पाटी लागली होती. ॲव्हिस तिथे मासिकं परत करायला गेली होती. शाळा पंधराव्या वर्षी सुटलेली. पाटीवर शिक्षणाची अट नव्हती म्हणून तिने नाव दिलं. मग जुनी इंग्रजी शिकली, मग नॉर्स, मग जुनी फ्रिझियन, या इंग्रजीच्या जुन्या नातलग भाषा, सगळं स्वयंपाकघराच्या ओट्यावर, बटाटे उकडायला ठेवून. तिचा नवरा केन बसच्या कारखान्यात मेकॅनिक होता. तो लोकांना सांगायचा, माझी बायको मेलेल्या लोकांशी बोलते आणि ते माझ्यापेक्षा कमी बडबडतात म्हणून तिला आवडतात.

या कार्डांचा एक नियम आहे. कार्डाच्या उजव्या कोपऱ्यात लिहायचं 'पाहिलं', आणि पुढे सही आणि तारीख. म्हणजे हे पान मी स्वतः, माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. कुणाच्या पुस्तकातून उतरवलेलं नाही, कुणाकडून ऐकलेलं नाही. न पाहता तिथे सही करणं म्हणजे त्या लोकांत सगळ्यात वाईट. डेव्हनच्या कुणा मास्तरने एकदा केलं होतं तसं, तर त्यानंतर त्याच्या पत्रांना कोणी उत्तरच दिलं नाही. ॲव्हिस ही गोष्ट सांगताना आवाज बारीक करायची, जसं काही त्याने खून केला होता.

आणि तिचा शब्द होता डॉग. शेहेचाळीस वर्षांत हजारो कार्डं पाठवली तिने, पण स्वतःचा म्हणून एकच शब्द. कुत्रा कधी पाळला नाही हं, केस पडतात म्हणून.

मला आधी हसायलाच आलं. डॉगमध्ये काय शोधायचं? तर ती म्हणाली, बस. इंग्रजीत कुत्र्याला आधी हाउंडच म्हणायचे, हुंड. हुंडचं घराणं नीट आहे. जर्मन, डच, नॉर्स, सगळ्यांत सख्खी भावंडं. त्यांची सामाईक आई कुणी लिहून ठेवलेली नाही पण अंदाजाने काढता येते, अंदाजाने काढलेल्या शब्दाच्या आधी हे लोक छोटी चांदणी काढतात. त्याच्याही मागे गेलं की एक पणजी, हजारो वर्षांपूर्वीची, तिलाही चांदणी, आणि त्या पणजीच्या दुसऱ्या अंगाला ग्रीकांचा कुत्रा, रोमनांचा कुत्रा आणि आपला श्वान. म्हणजे हाउंड आणि श्वान लांबची का होईना, भावंडं. मी उडालेच.

पण डॉगला कोणी नाही. हजारेक वर्षांपूर्वी एकदोन ठिकाणी 'डॉग्गा' असा सापडतो, त्याआधी काही नाही. शेजारच्या भाषांत दिसतो तो इंग्रजीतूनच गेलेला. आईबाप नाहीत, भावंडं नाहीत. आला आणि हळूहळू हाउंडला शिकारीच्या कोपऱ्यात ढकलून घरभर झाला. कोशात पुढे लिहिलंय, मूळ अज्ञात. ॲव्हिसला ते दोन शब्द सहन होत नव्हते.

मी घरी येऊन आईला विचारलं की कुत्रा शब्द कुठून आला. आई म्हणाली, ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये म्हणतात, त्यात आता कुत्र्याचं घाल. मग मी शोधलं, तर कुत्राही श्वानापासून आलेला नाही आणि त्याचंही नक्की कोणी सांगत नाही. ॲव्हिसला सांगितलं तर तिने टेबलावर हात मारला. "म्हणजे तुमच्याकडेही तेच. घराण्याचा आहे तो पुस्तकात, आणि दारात बसतो तो कुठून आला कोणाला ठाऊक नाही." दिवसभर खुश होती. मला वाटतं त्या दिवसापासून मी सर्टिफिकेट विसरले.

तिचा अंदाज होता की डॉग हा रंगावरून आला. जुन्या इंग्रजीत काळपटाला 'डॉक्स' म्हणायचे. बेडकाला फ्रॉग्गा, हरणाला स्टॅग्गा, तसं काळपट जनावराला लाडाने डॉग्गा. हे तिच्या एकटीचं नाही, इतर लोकही म्हणतात, पण पुरावा नाही, चांदणीच. आणि ॲव्हिसला वाटत होतं की पुरावा कुठे आहे ते तिला माहीत आहे.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी थिसलवुड नावाचा एक पाद्री होता. त्याने जिल्ह्याच्या इतिहासाच्या मासिकाच्या एका जुन्या अंकात चार ओळींचं टिपण लिहिलं होतं. अमुक कॅथेड्रलच्या ग्रंथालयात जमिनीच्या हद्दींची एक हस्तलिखित नोंद आहे, तिच्या दुसऱ्या पानावर, नवव्या ओळीसमोर, समासात कुणीतरी जुन्या अक्षरात लिहिलंय की तो काळपट, ज्याला डॉग्गा म्हणतात. बस. एवढं जर खरं असेल तर साखळी जुळते. ॲव्हिसला हे टिपण १९९० मध्ये सापडलं. पण तिने ते कार्डावर लिहून पाठवलं नाही, कारण पाहिलं नव्हतं.

पाहायला मागितलं तर ग्रंथालयाने विद्यापीठाचं पत्र मागितलं. शाळेत जेवण वाढणाऱ्या बाईला कोण विद्यापीठाचं पत्र देणार. बारा वर्षांनी परत लिहिलं, तेव्हा ते हस्तलिखित दुरुस्तीला गेलेलं होतं, चार वर्षांनी येईल. मग केन आजारी. मग केन गेला. मग डोळे.

डोळे राहावेत म्हणून दर पाच आठवड्यांनी ती शहरातल्या हॉस्पिटलमध्ये जाऊन डोळ्यात इंजेक्शन घ्यायची. डोळ्यात, हो. मी एकदा सोबत गेले, मला बाहेर बसूनही घेरी आली. तिला विचारलं, दुखतं का. "दुखत नाही, पण सुई येताना दिसते. आताशा तेवढी एकच गोष्ट मला नीट दिसते." इंजेक्शनने गेलेलं परत येत नाही, फक्त उरलेली कड टिकते. ती कड तिला त्या एका पानासाठी हवी होती. हे तिने मला स्पष्ट सांगितलं होतं. आणि यंदा कोशवाल्यांचं पत्र आलं की डॉग या शब्दाची नोंद नव्याने लिहितोय, ज्यांच्याकडे काही असेल त्यांनी मार्चअखेर पाठवावं, त्यानंतर पुढची वीसेक वर्षं तिला कोणी हात लावणार नाही.

मी आमच्या सरांना गाठलं, रडले थोडी, त्यांनी विद्यापीठाचं पत्र दिलं. सहा मार्चची वेळ मिळाली. ॲव्हिसने ते पत्र हातात धरून कडेकडेने बघितलं. नंतर म्हणाली, "एकोणतीस वर्षं. आणि तू दहा दिवसांत. मी आधीच रडायला हवं होतं."

त्या आधीच्या दोन बुधवारी तिने मला जुनी अक्षरं शिकवली, जाड मार्करने मोठ्ठी काढून, कारण तिला तेवढीच दिसायची. मला नाही लागणार, म्हणाली, पण तरी. म्हणजे तिला माहीत होतं की वाचायला मीच लागणार.

दोन बस बदलून गेलो. तिने केनच्या दफनाच्या वेळी घेतलेला कोट घातला होता. ग्रंथालयात बाईंनी स्पंजच्या उशीवर हस्तलिखित ठेवलं, पानांवर शिशाचे मणी भरलेल्या दोऱ्या ठेवल्या, पेनं काढून घेऊन पेन्सिली दिल्या आणि फोटो काढायचा नाही म्हणून सांगितलं. आणि ॲव्हिस वाकली. डावीकडून बघितलं. मान वाकडी केली. उजवीकडून बघितलं. पान कातड्याचं, तपकिरी, शाईही तपकिरी. तिने आणलेलं भिंग लावलं. मग उठून टेबलाच्या दुसऱ्या बाजूला गेली आणि उलटीकडून बघितलं. पाऊण तास. ग्रंथालयाच्या बाई आधी बघत होत्या, नंतर त्यांनी मान खाली घातली.

मग ती खुर्चीत बसली. डोळे मिटले. कार्ड समोर घेतलं, पेन्सिल हातात धरली.

"तू वाच. एकेक अक्षर सांग. जे आहे ते."

दुसरं पान. वरून ओळी मोजल्या, एक, दोन, नऊ. समासाकडे गेले.

काही नव्हतं.

मी परत मोजलं. खालून मोजलं. पान उलटून मागचं बघितलं, पुढचं बघितलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे समास बघितले. कुठेच काही नव्हतं. स्वच्छ, कोरं कातडं. ॲव्हिस डोळे मिटून बसली होती आणि तिच्या गळ्याजवळची शीर उडत होती, ती मला दिसत होती.

"सापडलं?" तिने विचारलं.

मी हो म्हटलं.

मी ठरवून 'हो' म्हटलं नाही. मला शपथेवर विचारा. तोंडातून आलं. आणि मग ती म्हणाली, सांग, आणि मी पाद्र्याच्या टिपणातली अक्षरं एकेक करून म्हणत गेले, मला पाठ होती ती. ती लिहीत गेली, मोठी वाकडी अक्षरं, ओळ सुटलेली. शाईचा रंग विचारला. मी म्हटलं, तपकिरी. अक्षर डावीकडे झुकलंय का? मी म्हटलं, थोडं.

मग कोपऱ्यात 'पाहिलं' लिहिलं आणि थांबली. पेन्सिल माझ्याकडे केली.

"मी नाही पाहिलं. तू पाहिलंस. तू सही कर."

मला वाटलेलं ती स्वतःच सही करेल. मग निदान... काय निदान, माहीत नाही. मी सही केली. शाल्मली जोग, सहा मार्च. ग्रंथालयाच्या बाईंसमोर, त्या हसून आमच्याकडे बघत होत्या.

परत येताना स्टँडवर तिने मासे आणि चिप्स घेतले, वरून तळणीतला कुरकुरीत चुरा मागून घेतला, व्हिनेगरने कागद भिजला. तिने मला केनबद्दल सांगितलं, शाळेतल्या बायकांबद्दल सांगितलं, त्या तिला प्रोफेसर म्हणून चिडवायच्या आणि तिचं कार्ड छापून आलं की पुडिंगचा मोठा तुकडा तिला काढून ठेवायच्या. इतकी बोलली. मी भिजलेल्या कागदाच्या कडा दुमडत बसले होते.

कार्ड दुसऱ्या दिवशी पोस्टात गेलं. मीच टाकलं. पेटीसमोर थांबले होते मी. पण टाकलं.

वीस तारखेला, बुधवारीच, कोशवाल्यांचं उत्तर आलं. ते वाचून दाखवायचं काम कोणाचं? माझंच. त्यात लिहिलं होतं की हे फार मोठं आहे, तुमचं आणि शाल्मली जोग यांचं नाव आम्ही नोंदीसोबत देऊ, आणि त्या पानाचा फोटो ग्रंथालयाकडून मागवला आहे, महिन्याभरात येईल. मी सगळं वाचलं आणि फोटोचं वाक्य गाळलं. ती म्हणाली, परत वाच. मी परत वाचलं, परत गाळलं.

मग ती म्हणाली की झालं तर मग, मी उद्याचं इंजेक्शन रद्द केलंय.

मी म्हटलं, का?

"आता कशाला? ज्याच्यासाठी डोळे ठेवले होते ते झालं. थकले गं मी त्या सुईला. उरलेलं जाऊ दे आता हळूहळू."

किती शांतपणे म्हणाली. तोंडावर हसू होतं. मी तिला म्हटलं की असं करू नकोस, डॉक्टर काय म्हणतील, आणि ती म्हणाली, डॉक्टर तिशीचा पोरगा आहे, त्याच्या वडिलांना मी वाढलंय.

तो आठवडा मी कसा काढला ते लिहीत नाही. लेक्चरला गेले नाही. आईला वाटलं मुलाची काही भानगड आहे. कड रोज जात असणार, असं सारखं डोक्यात. माझ्या एका 'हो'मुळे.

सत्तावीसला गेले. तिने चहा केला होता, कपात बोट बुडवून किती भरला ते बघते ती. मी कोट काढला नाही.

"ॲव्हिस, तिथे काही नव्हतं."

"कुठे?"

"समासात. नवव्या ओळीशी. कोरा होता."

तिने कप खाली ठेवला, बशी चाचपून. मला वाटलं ओरडेल. पण तिने विचारलं, कोरा म्हणजे कसा? डाग? खरवडल्यासारखं? कातडं तिथे पातळ वाटलं? मी म्हटलं, नाही, नुसता कोरा. मागचं पान? पाहिलं. आठवी ओळ, दहावी? सगळ्या पाहिल्या. कापून जोडलेला तुकडा वगैरे? नाही. ती मान हलवत होती आणि क्षणभर मला वाटलं, सुटले, ती कामात शिरली.

"मग पाद्र्याने थाप मारली," ती म्हणाली. "किंवा दुसरंच काही पाहिलं. बरं. नवं कार्ड घे. लिही. पाहिलं, तिथे काही नाही. सही कर."

मी लिहिलं. कार्डावर पाणी पडलं, दुसरं घ्यावं लागलं.

मग तिने मला कोशवाल्यांना फोन लावायला सांगितलं आणि स्वतः बोलली. की ते कार्ड काढून टाका. ज्यांनी फोन घेतला ते काहीतरी विचारत होते. ती म्हणाली, नाही, वाचणाऱ्या मुलीची चूक नाही, माझी आहे, मला दिसत नसताना मी काम चालू ठेवलं. थँक यू म्हणाली आणि फोन ठेवला. सव्वा मिनिट. शेहेचाळीस वर्षं आणि सव्वा मिनिट, मी फोनवर बघितलं.

मी सॉरी म्हणायला लागले. तिने हात वर केला.

"पाद्र्याचं मला काही नाही. त्याला मी कधी चहा दिला नव्हता." मग म्हणाली, "परवाच्या पत्रात तू काय गाळलंस?"

मी सांगितलं.

"आणि ऑक्टोबरपासून जे जे वाचलंस, त्यातलं किती खरं?"

सगळं, ॲव्हिस. बाकी सगळं खरं. देवाशपथ.

"हे पण तूच सांगतेयस," ती म्हणाली.

ऑक्टोबरपासून तिला जुनी पुस्तकं वाचून दाखवताना मी लिहिलेली एकशे चाळीस कार्डं आहेत तिच्या खोक्यांत, सगळ्यांवर माझी अक्षरं, आणि तिला त्यातलं एकही आता खरं धरता येत नाही. मी तिला इंजेक्शनचं म्हटलं, परत चालू कर, प्लीज, माझ्यावर चीड पण ते कर. ती म्हणाली, बघायला काय उरलंय. मग म्हणाली, बुधवारी येऊ नकोस.

तरी मी दर बुधवारी जाते. मागच्या दाराने, कारण इथे पुढचं दार फक्त पोस्टमन आणि पोलीस वाजवतात. रेडिओ चालू असतो. ती माझी पावलं ओळखते, आवाज बंद करते आणि थांबते, मी जाईपर्यंत. काल दुधाच्या बाटल्या बाहेर होत्या, तीन. शेजारच्या बाई म्हणाल्या की परवा ॲव्हिस फुटपाथच्या कडेला अडखळली. आधी कड दिसायची ना तिला.

मला तिने माफ करावं म्हणून हे लिहीत नाही. नाही करणार ती, आणि का करावं. पण मंडळाचे तुम्ही सत्तर-ऐंशी लोक याच गावात आणि आजूबाजूला राहता, तुमच्यात डॉक्टर आहेत, रिटायर झालेले आहेत, माझ्यासारखी कॉलेजची मुलं आहेत. कोणीतरी जा. इंग्रजी वाचता आलं की पुरे. तिला ती एकशे चाळीस कार्डं पुस्तकांशी ताडून बघायची आहेत, मला माहीत आहे, तिला ती तशी ठेववणारच नाहीत. जे छापलंय ते वाचा, कळलं नाही तर कळलं नाही म्हणा, ती चिडत नाही. तुमचं नाव विचारेल, पूर्ण सांगा. माझं नाव काढू नका.

आणि इंजेक्शनची पुढची तारीख पंचवीस एप्रिल आहे, गुरुवार, सकाळी दहा चाळीस. हॉस्पिटलने आपणहून दिलेली, रद्द केलेली नाही अजून. फ्रिजवर चुंबकाखाली कागद आहे, मी खिडकीतून पाहिला. तिला तो वाचता येत नाही आणि वाचून दाखवायला घरात कोणी नाही. पत्ता सुलभामावशींकडे ठेवलाय. आज अठरा आहे, सुलभामावशी, अंकाची वाट न बघता हे आजच सगळ्यांना पाठवा. प्लीज लवकर जा.